न छापायची खिडकी

१

छापायला उभं राहण्याआधी बाबा हात स्वच्छ धूत, छापून झाल्यावर मात्र नुसते फडक्याला पुसत. शाई म्हणजे घाण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. अडतीस वर्षं ते जुन्या कचेरीच्या तळमजल्यावर तांब्याच्या प्लेटांवरून चित्रं छापत आले होते. एकूण बारा प्लेटा. दीडशे वर्षांपूर्वी कोणा अनाम कारागिरानं त्या वेळच्या सरकारी इमारती त्यांवर कोरल्या होत्या. न्यायालय, टाकसाळ, जकातघर, तुरुंग. खांब, कमानी, कंगोरे इतके नेमके, की झडपांच्या पट्ट्यासुद्धा मोजून घ्याव्यात.

जुनी चित्रं कशी जपावीत याचं शिक्षण घ्यायला मी सात वर्षं दूरदेशी होते. परत आले ती त्याच विभागाची प्रमुख म्हणून, म्हणजे बाबांची साहेब म्हणून. घरी यावरून चेष्टा चाले. आता तरी हे कोणाचं ऐकतील, असं आई म्हणे. बाबा मला साळू म्हणतात, कारण लहानपणी मी साळिंदरासारखे काटे फुलवून भांडायचे. ऑफिसात मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून मला ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेही इतक्या सरळ चेहऱ्यानं की हसू मलाच आवरत नसे.

त्यांचं काम बघत राहावं असं होतं. प्लेट तापवायची, शाई भरायची, मलमलीनं तीनदा पुसायची, शेवटचा हात तळव्याचा. मग प्लेट निवू द्यायची. प्रेसवर ठेवायची, वर ओलसर कागद, त्यावर लोकरीचे दोन जाड नमदे, आणि चाक फिरवायचं. रूळ गेला की कागद एका कोपऱ्यातून सोलून काढायचा.

सातव्या प्लेटला मात्र एक पायरी जास्त होती. ती प्लेट आम्ही काम करत होतो त्याच कचेरीची. प्लेट निवली की बाबा खिशातून मेणाची गोळी काढत, नखाएवढा तुकडा अंगठ्यावर मऊ करत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत दाबून बसवत. कडा फडक्यानं साफ करत. त्यामुळे छापात ती खिडकी कोरी येई. बाकी चौतीस खिडक्या काळ्या, आणि एक पांढरी.

मी कारण विचारलं. ती खिडकी छापत नाही, एवढंच ते म्हणाले. कोणी सांगितलं, तर त्यांना शिकवणाऱ्यांनी. त्यांना कोणी, तर त्यांना शिकवणाऱ्यांनी. मी म्हटलं, बाबा, हे काय उत्तर झालं? ते म्हणाले, “नाहीच झालं. पण मी कधी विचारलं नाही, मॅडम.”

२

त्या वर्षी इमारतीला दीडशे वर्षं पूर्ण होत होती. सातव्या प्लेटचे शंभर छाप काढून शाळांना आणि कार्यालयांना द्यायचे ठरले. कल्पना माझीच. जुन्या गोष्टी कपाटात कुजवायच्या नसतात, त्या ज्यांच्या आहेत त्यांना दाखवायच्या असतात, यावर माझा तेव्हा फार विश्वास होता. पहिला छाप सर्वांसमोर निघणार होता. संचालकबाई, दोन वार्ताहर, बाकीच्या विभागांतले वीसेक लोक.

बाबांनी प्लेट पुसली, निववली, खिशात हात घातला. आणि मी पुढे झाले.

हे मी आधी ठरवलं होतं का? स्वतःला मी पुष्कळदा सांगितलं आहे की नव्हतं. पण कापूस आणि टर्पेंटाइनची बाटली माझ्या हाताशी होती, आणि ती तिथे मीच सकाळी आणून ठेवली होती. आधीच्या छपायांपासून खिडकीच्या रेषांत साचून राहिलेलं जुनं मेण मी पुसून काढलं. पुसताना बोलत होते. आधीच्या पिढ्यांनी नकळत जे झाकलं ते आज आपण उघडतो आहोत, मूळ कलाकारानं जे कोरलं ते लोकांना जसंच्या तसं मिळायला हवं, असं काहीतरी. टाळ्या झाल्या. मी खिडकीत शाई भरली आणि तळव्यानं पुसली.

बाबांचा हात खिशातच राहिला होता. ते हळूच म्हणाले, “साळू, नको.”

इतक्या लोकांत साळू म्हटलेलं मला आवडलं नाही. मी चाक फिरवलं.

छाप सुरेख आला होता. पस्तीसही खिडक्या काळ्या. लोक बघायला पुढे सरकले आणि मग, का कोण जाणे, बोलायचे थांबले. संचालकबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. एक वार्ताहर बुटांकडे बघत राहिला. फोटोसाठी सगळे उभे राहिले. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात एकाचीही नजर छापावर नाही.

त्याच आठवड्यात मी अहवाल लिहिला. मुद्रकाकडून मूळ कलाकृतीत अनधिकृत फेरफार, वयोमानानुसार कामातली शिथिलता, असे शब्द मी वापरले. कोणाचं नाव लिहिलं नाही. मुद्रक एकच होता. सेवा संपायला पाच महिने उरलेले असताना बाबांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं, प्रेसला हात न लावण्याचा हुकूम निघाला. तो हुकूम टंकलेखनासाठी माझ्याच टेबलावरून गेला.

त्या दिवशी बाबा नेहमीच्या वेळी घरी आले आणि त्यांनी हात साबणानं घासून धुतले. आई बघत होती. 

३

प्रेस आता मी चालवू लागले. आठवड्याला सहा-सात छाप निघत. काम मला येत होतं. बाबांसारखं नव्हे, पण येत होतं.

तांबं मऊ असतं. प्रत्येक छापाला रुळाखाली रेषा किंचित झिजतात, म्हणून पहिला छाप गडद आणि पन्नासावा फिका, हे या कामात ठरलेलंच. बाराव्या छापाला कंगोऱ्यांची जाळी पुसट व्हायला लागली, तसं मी वहीत नोंदवलं. ती एक खिडकी मात्र आदल्या छापापेक्षा गडद आली होती. तेराव्याला आणखी गडद.

मी स्वतःला समजावलं. इतकी वर्षं मेणाखाली राहिल्यामुळे तिथल्या रेषा झिजल्याच नाहीत, भोवतालचं फिकं होतंय म्हणून ती गडद वाटते. चांगलं स्पष्टीकरण होतं. मी ते वहीत लिहिलंसुद्धा. मग पहिला छाप आणि तेरावा छाप शेजारी ठेवून, वर कागदाचा एक झरोका कापून फक्त ती खिडकी बघितली. भोवतालचं काहीच दिसत नसताना तेरावी गडदच होती.

भिंग घेतलं. आडव्या-उभ्या रेषांच्या काळोखात आकार होता. कोणीतरी खिडकीशी बसलेलं होतं. खांदे आत ओढलेले, मान खाली, दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं.

त्या काळचे कोरणारे इमारतीची उंची कळावी म्हणून चित्रात माणसं टाकत. अंगणात टाकत, पायऱ्यांवर टाकत. अशा खिडकीत, नखाएवढ्या जागेत, भिंगाशिवाय दिसणार नाही असं माणूस का कोरावं, ते मला सांगता येईना. ते मी वहीत लिहिलं नाही.

४

छाप पुठ्ठ्यावर चढवून चौकटीत बसवायचं काम सरसमामांकडे होतं. सरस लावून लावून त्यांच्या अंगालाच त्याचा वास लागला होता, म्हणून सगळे त्यांना सरसमामा म्हणत. माणूस गप्पिष्ट. आपण एकदा बायकोचं पत्र चुकून टाकसाळीच्या चित्रामागे चिकटवलं, आता संसार सरकारी संपत्तीत जमा आहे, हा त्यांचा ठरलेला विनोद.

विसाव्या छापानंतर ते विनोद करेनासे झाले. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते छापाच्या मधोमध रद्दी कागदाची चिठ्ठी ठेवून काम करत होते. बरोब्बर त्या खिडकीवर. मी विचारलं तर म्हणाले, डाग पडू नये म्हणून. एवढ्याच जागी डाग पडतो का, तर ते सरस ढवळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, तुमच्या वडिलांना एकदा विचारून घ्या ना.”

मी जरा तोडूनच बोलले. तंत्रज्ञानाचं युग आणि अंधश्रद्धा वगैरे. त्यांनी मान डोलावली, पण चिठ्ठी उचलली नाही.

पुढच्या पंधरवड्यात एका शाळेतून छाप परत आला. मुख्याध्यापकांनी सोबत अगदी अदबीनं लिहिलं होतं. चित्र उत्तम आहे, परंतु जिन्यात लावल्यापासून मुलं तिथून मान खाली घालून जातात, दोघं पडली, तरी दुसरं एखादं मिळावं. मी परत आलेला छाप भिंगाखाली धरला. तो अठरावा होता. त्याच्या शेजारी त्या दिवशी निघालेला एक्केचाळिसावा ठेवला.

अठराव्यात बोटं कपाळाच्या केसांपर्यंत होती. एक्केचाळिसाव्यात कपाळ उघडं होतं.

५

छापात डावीकडून चौथी खिडकी. प्लेटवर सगळं उलटं असतं, छापात सुलटं होतं, म्हणून मी दोनदा मोजलं आणि भर दुपारी दुसऱ्या मजल्यावर गेले.

जुन्या नोंदींची खोली. चार टेबलं, लोखंडी कपाटं, पंखा, चार कारकून. चारही टेबलं भिंतीकडे तोंड करून लावलेली. खिडकीजवळची सगळ्यात उजेडाची जागा रिकामी होती आणि तिथे फक्त एक लाकडी खुर्ची होती. इतक्या चांगल्या जागी कोणी का बसत नाही, असं विचारल्यावर थोरल्या कारकुनानं सांगितलं की तिथे मन लागत नाही. आधी दोघं-तिघं बसत असत, पण बसलं की जुनं काहीबाही आठवतं. कसलं जुनं, तर तो ओशाळून हसला. “ते ज्याचं त्याचं असतं, मॅडम.”

मी जाऊन बसले. माझी समजूत अशी, की भीतीला सामोरं गेलं की ती मरते.

भीती वाटलीच नाही. ऊन होतं, अंगणातून गाड्यांचे आवाज येत होते, मागे पानं उलटत होती. आणि मला आठवला तो पदवीचा दिवस. दूरदेशी, सभागृहाबाहेर, मला शिकवणाऱ्या बाई माझ्या पाकिटातला फोटो हातात घेऊन विचारत होत्या, हे कोण? फोटोत बाबा प्रेसपाशी उभे होते, कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं होतं, आमच्या भागातला एक जुना कारागीर. किती सहज म्हटलं होतं. बाईंनी फार छान चेहरा आहे म्हटलं, आणि मी हो म्हटलं.

हे मी विसरले होते असं नाही. ते मी कधी आठवलंच नव्हतं. आता ते अंगावर चढत गेलं, कानांच्या पाळ्या तापल्या. आणि कोणाला दिसू नये म्हणून मी खांदे आत ओढून मान खाली घातली आहे, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा माझे हात मांडीवरून तोंडाकडे वर येत होते. मी उठले. मागे पानं उलटायची थांबली होती. चौघंही भिंतीकडे बघत होते, पण ते कामात होते म्हणून नव्हे.

६

रविवारी दुपारी बाबा गॅलरीत नखं कापत बसले होते. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच ती आतून पांढरी दिसत होती. मी जवळ जाऊन बसले आणि सांगायला लागले. छापांचे आकडे, गडद रेषा, बोटं, कपाळ. ते नखं कापत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली. माझं संपल्यावर तीच म्हणाली, घरात एवढं शिकलेलं माणूस आहे, आणि साध्या माणसाला साधं विचारायला ह्याला इतके दिवस लागले.

बाबांनी तिला हातानं थांबवलं. कोण बसलंय तिथे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. कचेरीतला कोणी, की कोरणारा स्वतः, की दाद मागायला आलेला एखादा, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

“लाजेनं तोंड झाकून बसलेलं माणूस आहे,” ते म्हणाले. “अशा माणसाकडे बघायचं नसतं, साळू. बघितलं नाही की ते आपलं आपण सावरतं. चारचौघांनी बघितलं की त्याला एक दिवस हात काढावेच लागतात. मग ते बघतं.”

“कोणाकडे?”

“ते मला बघायचं नव्हतं. म्हणून मेण.”

किती छाप गेले, असं त्यांनी विचारलं. चौसष्ट, मी म्हटलं. शेवटच्या छापात हात कुठे आहेत, तर नाकाच्या शेंड्यावर. डोळे मिटलेले होते, किंवा मला तसं वाटलं. त्यांनी नखांचे तुकडे कागदात गोळा केले. मग म्हणाले की उद्या येतो, मेण घेऊन येतो. पण हुकूम आहे, तेव्हा आधी बाईंना सांग. खरं काय ते सांग. मी हो म्हटलं. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं की यातून आपण सुटलो.

७

सोमवारी सकाळी मी संचालकबाईंच्या दारापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा आत कोणी बसलं होतं. तिसऱ्यांदा त्या एकट्या होत्या.

काय सांगणार होते मी? माझा अहवाल खोटा होता, ज्याला मी शिथिलता म्हटलं ती काळजी होती, आणि हे मला एका खिडकीतल्या माणसानं पटवलं? मी दारावरून परत फिरले. दुपारी सांगू म्हटलं. खाली येऊन सवयीनं प्लेट तापवली, शाई भरली, पुसली. पासष्टावा छाप. मेणापुरती तयारी, असं स्वतःला सांगितलं.

बाबा अकराला आले. धुतलेला सदरा, स्वच्छ हात. सरसमामा त्यांना बघून उठून उभे राहिले. बाबांनी प्लेट बोटाच्या पेरानं चाचपून निवली का बघितलं, ती प्रेसवर ठेवली आणि खिशातून गोळी काढून अंगठ्यावर मऊ करायला घेतली. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “सांगितलंस ना?” मी मान हलवली. ती होकाराची हलली.

तेवढ्यात संचालकबाई दारात आल्या. सोबत वरच्या कार्यालयातले दोन अधिकारी होते, त्यांना छपाई दाखवायची होती. बाई दारातच थांबल्या.

“यांना आत कोणी घेतलं?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी बोलेन. सरसमामांना वाटलं मी बोलेन. मलाही वाटलं. जीभ जड नव्हती, घसा कोरडा नव्हता, यातलं काही मला सांगता येणार नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी दुसरं बोलले.

“कल्पना नाही. त्यांचे ते आले असतील.”

बाबांनी मेण पुन्हा खिशात ठेवलं. प्रेसपासून दोन पावलं मागे सरले. अधिकारी घड्याळ बघत होते, बाई म्हणाल्या चालू द्या, आणि मी कागद ठेवला, नमदे टाकले, चाक फिरवलं. चाक कधी नव्हे इतकं हलकं फिरलं. मी कोपरा धरून कागद सोलला.

इमारत जवळजवळ उरलीच नव्हती. खांब धुक्यासारखे, कमानी पुसट. आणि दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी, आत्ताच कोरल्यासारखी. भिंग लागलं नाही. हात मांडीवर होते, आणि ते थेट माझ्याकडे बघत होतं.

एक श्वास जाईल एवढाच वेळ. मग बाबांचा तळवा मध्ये आला आणि ओल्या शाईवरून पार कडेपर्यंत फिरला. छाप वाया गेला. बाई ओरडल्या, अधिकाऱ्यांपैकी एक हसला. बाबा माझ्यापाशी वाकले. त्यांचा हात पुन्हा काळा झाला होता.

“दिसलं का तुला?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी म्हटलं, नाही.

८

पुढचं सगळं मी रीतसर केलं. दुसऱ्या दिवशी जुना अहवाल मागे घेऊन नवा लिहिला, सही करून सर्वांसमोर वाचला. बाबांना परत बोलावलं. शेवटचे दोन महिने ते प्रेसवर होते, निरोपाच्या दिवशी चार लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. दिलेले छाप मी फिरून फिरून परत आणले. सातवी प्लेट मेण भरून, कापडात बांधून कपाटात गेली. आता त्या खिडकीत कोणी बसलेलं आहे की नाही, हे बघायला मी ती उघडलेली नाही.

लोक माझ्याशी नीट वागतात. पूर्वीपेक्षा नीट. कारकून वाट देतात, सरसमामा हळू आवाजात बोलतात, आई न मागता चहा आणून ठेवते. फक्त माझ्याकडे कोणी बघत नाही. बोलताना नजर माझ्या खांद्यावर असते, टेबलावर असते, बाजूच्या भिंतीवर असते. सुरुवातीला वाटलं, राग असेल. राग मला ओळखता येतो. हा राग नव्हे. ही काळजी आहे.

काल संध्याकाळी गॅलरीत बाबा आणि मी चहा घेत होतो. ते रस्त्याकडे बघून बोलत होते, जुन्या प्रेसच्या, नव्या शाईच्या, छान गप्पा चालल्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाबा, मी सगळं दुरुस्त केलं ना? मग एकदा माझ्याकडे बघा.

त्यांनी कप खाली ठेवला. मग रस्त्यावरची नजर न काढता, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, “बघतो ना. तू आधी तोंडावरचे हात काढ.”

माझ्या दोन्ही हातांत चहाचा कप होता.